विज्ञान संशोधनातल्या स्त्रिया आणि असमानता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञान शाखेतल्या मुली, त्यांचे आईवडील, पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनी आणि हा विषय मनापासून समजून घेऊ पाहणारे पुरुष सहकारी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. त्या प्रश्नांमागे मोठा इतिहास आहे आणि तो दोन ओळींत उरकता येत नाही.

बोर्डाच्या निकालात दरवर्षी मुलीच पुढे असतात. मग असमानता आहे तरी कुठे?

शिकण्यात फारशी उरलेली नाही, नोकरीत आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२१-२२ साली विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी नोंदले गेले, त्यांपैकी २९.८ लाख मुली होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. सगळ्या शाखा मिळून पीएच.डी.ला नाव नोंदवलेल्यांतही मुलींचं प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास आहे. आता याच रांगेचं पुढचं टोक पाहा. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये देशातल्या संशोधकांत स्त्रियांचं प्रमाण होतं १६.६ टक्के. ‘बायसवॉच इंडिया’ हा वैज्ञानिकांनीच २०२० मध्ये सुरू केलेला उपक्रम विद्यापीठं आणि संशोधन संस्थांच्या प्राध्यापकांची मोजणी करतो. त्यांचाही आकडा १७ टक्क्यांच्या जवळपासच येतो.

वर्गात निम्म्या आणि प्राध्यापकांच्या खोलीत सहातली एक. या दोन आकड्यांच्या मधे काय घडतं, हाच या पानाचा विषय. ‘मुलींना विज्ञानाची गोडी कशी लावावी’ यावर आपल्याकडे भरपूर भाषणं होतात. गोडी तर लागलेली आहे. भाषणं नेमणूक समित्यांसमोर व्हायला हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण लग्न आणि मुलं झाली की बायका स्वतःहूनच सोडतात ना? त्यात संस्थांचा काय दोष?

हे इतक्या वेळा ऐकवलं जातं की सोडणाऱ्या बाईलाही ते खरं वाटू लागतं. भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळूरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विज्ञानात पीएच.डी. झालेल्या ५६८ स्त्रियांना त्यात प्रश्न विचारले होते. काही संशोधनात होत्या, काही दुसरी कामं करत होत्या, काही घरी होत्या. त्यातून पुढे आलेली मुख्य गोष्ट अशी की घरची जबाबदारी हे कारण आपण समजतो तेवढं मोठं नाही. ज्या कामाचं शिक्षण घेतलं ते काम मिळालंच नाही, हे कारण त्याहून मोठं निघालं.

या अभ्यासातला आणखी एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. संशोधनात टिकलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्के अविवाहित होत्या, तर पुरुषांत हे प्रमाण २.५ टक्के. म्हणजे पुरुषाला प्रयोगशाळा आणि संसार दोन्ही मिळतात. बऱ्याच बायकांना दोन्हींतलं एक निवडावं लागतं.

घरकामाचा भार खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. पण हा भार बँकेतल्या, शाळेतल्या, इस्पितळातल्या बायकांवरही असतोच आणि तिथं त्या टिकल्या आहेत. संशोधनात मात्र पहिली कायमची नोकरी मिळण्याचं वय तिशीतलं, जाहिरातीतली वयाची अट बहुतेक वेळा पस्तिशीच्या आसपासची, आणि मूल होण्याचं वयही नेमकं तेच. हे वेळापत्रक निसर्गानं ठरवलेलं नाही. ते संस्थांनी ठरवलं आहे आणि संस्थांना ते बदलता येतं.

कमला सोहोनींना बंगळूरूला प्रवेश नाकारला होता, ही गोष्ट खरी की दंतकथा?

खरी आहे, आणि प्रत्येक मराठी घरात ती माहीत असायला हवी. दुर्गाबाई भागवत सगळ्यांना माहीत असतात. त्यांची ही सख्खी बहीण अजूनही पुरेशी माहीत नाही.

कमला भागवत १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या, विषय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरूच्या टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेचे, सुरुवातीच्या काळातले विद्यार्थी. साहजिकच आपणही तिथंच जायचं हे त्यांनी ठरवलेलं. अर्ज केला, नकार आला. गुण कमी होते म्हणून नव्हे. संचालक सर सी. व्ही. रामन यांना संस्थेत मुली नको होत्या. कमलाबाई थेट बंगळूरूला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचं कारण विचारत राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही. कामाचा दर्जा रामन यांना पटेपर्यंत त्या कामाला मान्यता नाही. आणि त्यांच्या असण्यानं पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये.

तिसरी अट पुन्हा वाचा. पुरुषाचं लक्ष कामावरून उडालं तर त्याची जबाबदारी तिची.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरानंतर रामन यांचं समाधान झालं आणि त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाली. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना ‘सायटोक्रोम सी’ हे पेशीच्या श्वसनातलं महत्त्वाचं द्रव्य वनस्पतींतही असतं हे त्यांनी दाखवून दिलं. १९३९ साली पीएच.डी. मिळाली ती चाळीसेक पानांच्या प्रबंधावर. केंब्रिजची विज्ञानातली पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

परतल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबई. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि नीरा, कडधान्यं, तांदळाचं पीठ अशा गरिबाच्या ताटातल्या पदार्थांच्या पोषणमूल्यांवर विद्यार्थ्यांसह काम केलं. नीरेवरच्या कामाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. तरीही त्याच संस्थेचं संचालकपद त्यांच्या वाट्याला यायला नको इतका उशीर झाला. प्रवेशाच्या दारात झालेला अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. उतारवयातही त्या तो जाहीरपणे बोलून दाखवत.

रामन यांच्यासारख्या थोर माणसाला आजच्या फुटपट्टीनं मोजणं योग्य आहे का?

फुटपट्टी आजची नाही. कमलाबाईंनी १९३३ मध्येच त्यांना तोंडावर सांगितलं होतं की हा अन्याय आहे. रामन यांचं विज्ञान थोर होतं आणि त्यांचा हा निर्णय चुकीचा होता. ही दोन्ही वाक्यं एकत्र उभी राहू शकतात. पुढे त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत मुलींना घेतलं, हेही सांगायला हवं.

त्यांपैकी एक अॅना मणी. हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर त्यांनी रामन यांच्याकडे काम केलं, पाच शोधनिबंध एकटीच्या नावावर लिहिले, प्रबंधही सादर केला. पदवी मद्रास विद्यापीठ देत असे. एम.एस्सी. नाही या कारणानं विद्यापीठानं पीएच.डी. नाकारली. त्या इंग्लंडला गेल्या, हवामानाच्या उपकरणांचं शिक्षण घेतलं आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. तोवर आपण साधी उपकरणंही बाहेरून आणत होतो. ती इथंच बनवायची आणि बिनचूक बनवायची, या ध्यासानं त्यांनी शंभरएक उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. देशातल्या सौर आणि पवन ऊर्जेच्या मोजमापाचा पाया त्यांच्या कामात आहे. पदवी अखेरपर्यंत मिळाली नाही. आपल्यावर बाई म्हणून अन्याय झाला असं म्हटलेलं त्यांना आवडत नसे आणि त्यांच्या त्या स्वाभिमानाबद्दल मला आदर आहे. पण तिनं तक्रार केली नाही म्हणजे अन्याय झालाच नाही, असा अर्थ आपण काढू नये.

हे सगळं पारतंत्र्यातलं. स्वातंत्र्यानंतर तर बदल झाला असेल?

झाला, पण हळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पहिल्या स्त्री संशोधक बिभा चौधुरी १९४९ मध्ये तिथं आल्या. त्याआधी दार्जिलिंगच्या डोंगरांवर फोटोच्या काचपट्ट्या ठेवून त्यांनी आणि देवेंद्रमोहन बोस यांनी वैश्विक किरणांतल्या नव्या कणांच्या खुणा टिपल्या होत्या. युद्धामुळे चांगल्या काचपट्ट्या मिळेनात आणि काम अडलं. पुढे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ सेसिल पॉवेल यांना १९५० चं नोबेल मिळालं ते याच तंत्रानं पायॉन हा कण शोधण्याबद्दल. नोबेल हुकणं हे दैव म्हणता येईल. पण भारतातल्या तीन मोठ्या विज्ञान अकादम्यांपैकी एकीनंही बिभाताईंना कधी सदस्य करून घेतलं नाही, हे दैव नव्हे. त्या १९९१ मध्ये गेल्या. २०१९ साली एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळालं तेव्हा अनेक भौतिकशास्त्रज्ञांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

संस्थांच्या सर्वोच्च खुर्च्यांचा हिशेबही पाहा. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली १९४२ मध्ये. पहिली महिला महासंचालक आली २०२२ मध्ये, एन. कलैसेल्वी. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी १९३५ ची. पहिली महिला अध्यक्ष चंद्रिमा शहा, २०२० मध्ये. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला गेला. रसायनशास्त्रज्ञ असीमा चॅटर्जी १९६१ मध्ये तो मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. त्यानंतर पाचशेहून जास्त मानकरी झाले, त्यांत स्त्रिया वीसच्या आसपास. या पुरस्काराला वयाची अट होती ४५ वर्षांच्या आतली. बाळंतपण आणि लहान मुलांच्या वर्षांत ज्यांचं काम मागे पडतं त्यांची बहराची वर्षं चाळिशीनंतर येतात. ती अट दिसायला सगळ्यांना सारखी होती.

नवरा-बायको दोघंही शास्त्रज्ञ असतील तर एकाच संस्थेत नोकरी मिळते का?

आता मिळते, निदान नियमांची आडकाठी नसते. पण बराच काळ ‘एका घरातलं एकच’ हा अलिखित दंडक होता आणि त्यात मागे राहणारी व्यक्ती जवळजवळ नेहमी बायको असे.

दर्शन रंगनाथन यांचं उदाहरण मला सगळ्यात टोचतं. सेंद्रिय रसायनशास्त्रात त्या काळातल्या देशातल्या सर्वात नावाजलेल्या संशोधकांपैकी एक. पती सुब्रमण्य रंगनाथन कानपूर आयआयटीत प्राध्यापक, म्हणून दर्शनबाईंना तिथं प्राध्यापकपद नाही. वर्षानुवर्षं शिष्यवृत्त्यांवर काम केलं. अव्वल दर्जाचे शोधनिबंध त्याच काळातले. १९९० च्या दशकात त्या तिरुवनंतपुरमच्या आणि मग हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि २००१ मध्ये साठाव्या वाढदिवशीच त्यांचं निधन झालं.

हा रोग फक्त आपला नाही. अणुगर्भाच्या रचनेबद्दल १९६३ चं नोबेल मिळवणाऱ्या मारिया गॉपर्ट-मायर यांनी अमेरिकेत नवऱ्याच्या विद्यापीठांत अनेक वर्षं बिनपगारी काम केलं. पूर्ण पगाराचं प्राध्यापकपद मिळालं १९६० मध्ये, पन्नाशी उलटल्यावर.

आज कोणी मुद्दाम बायकांना डावलतं का?

मुद्दाम डावलणारे थोडे असतील. खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मोजलीही गेली आहे. २०१२ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १२७ विज्ञान प्राध्यापकांकडे प्रयोगशाळा-व्यवस्थापकाच्या जागेसाठी एक अर्ज पाठवला. मजकूर सगळ्यांना तोच. फरक एवढाच की निम्म्यांच्या अर्जावर ‘जॉन’ होतं आणि निम्म्यांच्या ‘जेनिफर’. जॉन जास्त लायक ठरला. त्याला सुचवलेला वार्षिक पगार सरासरी ३०,२३८ डॉलर, जेनिफरला २६,५०८. आणि असं गुणांकन स्त्री प्राध्यापकांनीही पुरुष प्राध्यापकांइतकंच केलं. म्हणून ‘समितीत एक बाई होती की’ हे उत्तर पुरेसं नाही.

यावर उपाय आहे का? एक तर नक्कीच सिद्ध झालेला आहे. हबल दुर्बिणीचा वेळ मागणारे प्रस्ताव २०१८ पासून नावं झाकून तपासले जाऊ लागले. त्या पहिल्याच फेरीत स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या प्रस्तावांचं यशाचं प्रमाण पुरुषांच्या किंचित पुढे गेलं. आधीची अनेक वर्षं ते सातत्यानं मागे होतं. विज्ञान तेच, माणसं तीच, फक्त नावं झाकली. आपल्याकडच्या अनुदान समित्यांनी पहिल्या छाननीपुरतं तरी हे करून पाहावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

प्रयोगशाळेत रोजच्या कामात हा भेद कसा जाणवतो?

बारीकसारीक गोष्टींत. बैठकीची टिपणं कोण घेणार, पाहुण्यांच्या चहाचं कोण बघणार, विभागाच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलनाचं तबक कोण धरणार, हे न विचारताच ठरलेलं असतं. महागड्या यंत्राची दुरुस्ती शिकवताना मुलांना पुढे बोलावलं जातं. हातमोजे, ॲप्रन, सुरक्षेचे चष्मे मोठ्या मापाचे, त्यामुळे ॲसिड हाताळताना मुलीच्या हातात ढिला मोजा. क्षेत्रकामाला जाताना ‘तिथं सोय नाही’ म्हणून तिचं नाव कापलं जातं. ती सोय करायची असते हे कुणाच्या मनात येत नाही. रात्री सुरू राहणारा प्रयोग असेल आणि वसतिगृहाचं फाटक दहाला बंद होत असेल, तर प्रबंधातली आकडेवारी सहा महिने उशिरा येते. मार्गदर्शक मग म्हणतात, मुलगी हुशार आहे पण वेळ देत नाही.

मुलाखतीत ‘लग्नाचं काय ठरलंय?’ हा प्रश्न अजूनही येतो. मुलाला तो विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

सरकारी संस्थांत पगार तर सारखाच असतो. मग तक्रार कशाची?

कायम पदावर असाल तर पगार सारखाच, हे खरं. प्रश्न कायम पदावर कोण आहे हा आहे. आपल्या महाविद्यालयांतली तासिका तत्त्वावरची प्राध्यापक मंडळी पाहा. नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, अनेकदा पीएच.डी. झालेल्या बाई दोन महाविद्यालयांत तासांप्रमाणे शिकवतात. तास झाला तर पैसे. सुट्टीचे नाहीत, पेपर तपासून रात्री जागल्याचे नाहीत. दरवर्षी नवी नेमणूक. प्रयोगशाळेत स्वतःचं टेबल नाही, स्वतःच्या नावानं संशोधन प्रकल्प मागता येत नाही. पुरुषही यात भरडले जातात आणि त्यांच्याही वेदना खऱ्या आहेत. पण बदलीच्या गावी नवऱ्यामागे आलेली, मूल लहान असलेली बाई या कामात एकदा शिरली की दहा-दहा वर्षं बाहेर पडत नाही. ‘बाईंना संसार सांभाळून करता येतं’ हे कौतुक म्हणून सांगितलं जातं. त्या कौतुकाखाली एका शास्त्रज्ञाचं आयुष्य गेलेलं असतं.

मंगळयानाच्या वेळचा साडीतल्या बायकांचा तो फोटो? तो तर समानतेचाच पुरावा!

सप्टेंबर २०१४ मधला तो फोटो जगभर गाजला. नंतर इस्रोनंच स्पष्ट केलं की आनंद साजरा करणाऱ्या त्या बायका प्रशासकीय कर्मचारी होत्या. त्यांचा आनंद खराच होता. आणि मोहिमेत स्त्री शास्त्रज्ञही होत्याच: रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ ही त्यांतली नावं. २०१९ च्या चांद्रयान-२ ला मुथय्या वनिता प्रकल्प संचालक होत्या आणि करिधाल मोहीम संचालक. हे मोठं यश आहे. मात्र इस्रोच्या अध्यक्षपदी आजवर एकही स्त्री आलेली नाही.

आयआयटीत मुलींसाठी जादा जागा म्हणजे गुणवत्तेशी तडजोड नाही का?

नाही. २०१६ च्या सुमारास आयआयटीच्या बी.टेक. वर्गांत मुली दहा टक्क्यांच्याही आत होत्या. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या आणि हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत नेलं. मुलांच्या जागा त्यासाठी कमी केल्या नाहीत, आणि मुलीला जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावंच लागतं. कोटा शहरातल्या किंवा हैदराबादच्या शिकवणीला मुलाला पाठवणारे आणि मुलीला ‘घराजवळचं कॉलेज बघ’ सांगणारे आईवडील आहेत, तोवर प्रवेश परीक्षेतला क्रमांक हा फक्त बुद्धीचा क्रमांक नसतो.

पीएच.डी. करताना मूल झालं तर काय मिळतं?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनुसार पीएच.डी.च्या संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. प्रबंध पूर्ण करण्याच्या कमाल मुदतीतही स्त्रियांना दोन वर्षांची जादा सवलत आहे. यूजीसी-नेटच्या जेआरएफसाठी, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसाठी, वयात पाच वर्षांची सूट आहे. हे सगळं नियमात लिहिलेलं आहे, मार्गदर्शकाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ‘सरांशी तोंडी बोलणं झालंय’ यावर कधीच थांबू नका.

काही वर्षं खंड पडला. आता परत येता येईल का?

येईल. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना २००२-०३ पासून नेमकी यासाठीच आहे. आता ती ‘वाइज-किरण’ या छत्राखाली येते. तिच्यातूनच पेटंटच्या कामाचं प्रशिक्षण मिळवून शेकडो बायकांनी घरून काम करत नवं करिअर उभं केलं. जैवतंत्रज्ञान विभागाची ‘बायोकेअर’ योजना २०११ पासून आहे. वाशीतली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना १९७३ पासून काम करते. तिचं नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर आहे. बायकांनीच बायकांची अडचण ओळखून उभं केलेलं.

या योजनांची एक उणीव सांगायलाच हवी. शिष्यवृत्ती साधारण तीन वर्षांची. ती संपली की पुढे काय, याचं उत्तर योजनेत नाही. ज्या संस्थेत बाईनं तीन वर्षं उत्तम काम केलं त्या संस्थेवर तिच्या नेमणुकीचा विचार करण्याचं बंधन नाही. परतीचा रस्ता बांधला, पण तो मुक्कामापर्यंत नेला नाही.

मार्गदर्शकाकडूनच त्रास होत असेल तर?

संशोधनात हा प्रश्न सर्वात अवघड, कारण पदवी, शिफारसपत्र, शोधनिबंधातलं नाव सगळं एकाच माणसाच्या हातात असतं. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आणि उच्च शिक्षण संस्थांसाठीचे २०१५ चे यूजीसी नियम विद्यार्थिनींनाही लागू आहेत. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. समितीची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असते आणि निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत.

चौकशी चालू असताना त्या व्यक्तीला तुमच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून, परीक्षा घेण्यापासून रोखण्याची मागणी करता येते, हे अनेकींना माहीत नसतं. तक्रारीतच ती मागणी लिहा. ईमेल, संदेश, तारखा जपून ठेवा. विश्वासातल्या एका तरी व्यक्तीला त्याच वेळी सांगून ठेवा.

मुलगी तेवीस वर्षांची आहे, एम.एस्सी. झाली. पीएच.डी.ला पाठवावं की आधी लग्न उरकावं?

काका, काकू, हा प्रश्न तुम्ही मुलीच्या काळजीनं विचारता हे मला कळतं. पण तो मुलाच्या बाबतीत विचारला असता का, एवढंच मनाशी तपासा. जेआरएफ मिळाली असेल तर तिला दरमहा शिष्यवृत्ती मिळते. तुमच्यावर भार नाही. लग्न करायचंच असेल तर स्थळ पाहताना पगाराइतकंच हेही विचारा की तिनं दोन वर्षं परगावी काम केलं तर चालेल का. हो म्हणणारी घरं आहेत, आणि ती वाढताहेत.

पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले स. प. महाविद्यालयातून, मुंबई आयआयटीतून अमेरिकेत पीएच.डी.ला गेल्या. १९७९ मध्ये ती पूर्ण करून परत आल्या आणि कणभौतिकीत जगानं मान्य केलेलं काम त्यांनी इथं, भारतात राहून केलं. २०२४ मध्ये त्या गेल्या. वर ज्या २०१० च्या अभ्यासाचा उल्लेख केला त्याच्या कर्त्यांपैकी त्या एक. आपलं संशोधन सांभाळून त्यांनी उमेदीची कित्येक वर्षं पुढच्या मुलींसाठी खर्च केली.

पुरुष सहकाऱ्यांनी नेमकं काय करावं?

विद्यार्थिनीचं शिफारसपत्र लिहून झालं की एकदा वाचा. तिच्यासाठी ‘मेहनती, मनमिळाऊ’ आणि त्याच्यासाठी ‘स्वतंत्र विचारांचा, कल्पक’ असं लिहिलंय का? परिषदेचं निमंत्रण आलं आणि वक्त्यांच्या यादीत एकही स्त्री नसेल तर आयोजकांना आधी ते विचारा, मग होकार द्या. बैठका संध्याकाळी सहानंतर ठेवू नका. घरी मूल आजारी असेल तर रजा तुम्ही घ्या आणि रजेच्या अर्जात खरं कारण लिहा.

मी तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटी प्रकल्पात आहे. मला प्रसूतीचा लाभ मागता येतो का?

मागायला हवा. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. पात्रतेसाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवसांचं काम पुरेसं असतं. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितलं. २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात, कंत्राटाची मुदत संपली तरी लाभ संपत नाही, असा निर्णय दिला. प्रत्येक नेमणुकीच्या अटी वेगळ्या असल्यानं तुमच्या बाबतीत काय लागू होतं हे नेमणूकपत्र घेऊन वकिलाला किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखवा. तिथं स्त्रियांना मोफत सल्ला मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अर्ज प्राचार्यांच्या नावे द्या, वरच्या दोन्ही निर्णयांचा उल्लेख करा आणि उत्तर लेखी मागा.